मुक्त मूलके आणि शरीरातील अँटिऑक्सिडंट

बहुतेक रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन जोडीजोडीने असतात. ऑक्सिजनच्या रेणूत मात्र दोन इलेक्ट्रॉन एकेकटे असतात, आणि त्यामुळे हा रेणू दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन घेतो तो सहसा एका वेळी एकच. पेशीतील श्वसनात ऑक्सिजनचे पाणी व्हायला एकूण चार इलेक्ट्रॉन लागतात. हे चारही श्वसनसाखळीच्या शेवटच्या विकरावर नीट मिळाले तर काही बिघडत नाही. पण वाटेत कुठे गळती झाली तर अर्धवट पदार्थ तयार होतात. एक इलेक्ट्रॉन मिळालेला ऑक्सिजन म्हणजे सुपरऑक्साइड, दोन मिळाले की हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि तिसरा मिळून रेणू तुटला की हायड्रॉक्सिल मूलक. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणाऱ्या अशा अणूला किंवा रेणूला मुक्त मूलक म्हणतात. हायड्रोजन पेरॉक्साइड या व्याख्येत बसत नाही, तरी त्यापासून मूलके सहज होतात म्हणून त्याचा विचार याच गटात होतो.

मुक्त मूलक स्वतंत्रपणे टिकू शकते हे रसायनशास्त्राला १९०० साली कळले. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग यांनी ट्रायफेनिलमेथिल हे मूलक तयार करून दाखवले. सजीवांच्या शरीरात अशी जहाल रसायने असतील हे मात्र पुढचे अर्धे शतक कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९५४ मध्ये अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नेमका दुवा जोडला: शुद्ध ऑक्सिजनचा जास्त मारा आणि क्ष-किरण या दोन्हींमुळे होणारी इजा एकाच मार्गाने, म्हणजे मूलकांमार्फत होते. दोनच वर्षांनी डेनहॅम हार्मन यांनी त्यापुढे जाऊन वार्धक्यच मूलकांमुळे येते असा सिद्धांत मांडला. पुरावा तुटपुंजा असल्याने तो बराच काळ बाजूला पडून राहिला.

चित्र पालटले ते १९६९ मध्ये. ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड या विद्यार्थ्याने आणि त्याचे मार्गदर्शक अर्विन फ्रिडोविच यांनी गाईबैलांच्या रक्तपेशींतून सुपरऑक्साइड नष्ट करणारे एक विकर ओळखले. हे प्रथिन नवे नव्हते. तांबे असलेले एक निळसर प्रथिन म्हणून ते १९३८ पासून माहीत होते. त्याचे काम काय, एवढेच कोणाला ठाऊक नव्हते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे नाव त्याला तेव्हा मिळाले आणि त्यातून एक साधा तर्क निघाला. ऑक्सिजनवर जगणारा जवळजवळ प्रत्येक जीव हे विकर ऊर्जा खर्च करून बनवतो, त्या अर्थी सुपरऑक्साइडही शरीरात सतत तयार होत असणार.

ते कुठे तयार होते? सर्वांत मोठा वाटा, श्वसनसाखळी जिथे चालते त्या तंतुकणिकांचा मानला जातो. श्वसनसाखळीतून जाणारे काही इलेक्ट्रॉन शेवटच्या टप्प्याआधीच निसटून ऑक्सिजनला चिकटतात. वापरलेल्या ऑक्सिजनपैकी एक ते दोन टक्के असा वाया जातो, हे अनेक पुस्तकांत छापलेले प्रमाण भरपूर ऑक्सिजन दिलेल्या, शरीराबाहेर काढलेल्या तंतुकणिकांवरून काढलेले आहे. जिवंत ऊतींतील गळती त्याहून बरीच कमी असावी, असे आता मानतात. याखेरीज हिमोग्लोबिन, यकृतात औषधांचे विघटन करणारी विकरे, पेरॉक्सिसोम नावाची पेशीअंगके आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हे अंतर्गत स्रोत आहेत. बाहेरून भर घालतात ती किरणोत्सर्ग, अतिनील किरण, हवेतील ओझोन आणि सर्वांत ठळकपणे तंबाखूचा धूर.

सुपरऑक्साइड स्वतः फार आक्रमक नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडही एकटे असेपर्यंत बरेच शांत असते. पण त्याच्याजवळ मोकळे लोह आले की गणित बदलते. लोहाकडून इलेक्ट्रॉन मिळताच पेरॉक्साइड तुटते आणि हायड्रॉक्सिल मूलक जन्माला येते. ही अभिक्रिया ब्रिटिश रसायनज्ञ हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये टार्टारिक आम्लाच्या संदर्भात वर्णन केली होती. शरीराशी तिचा संबंध लागायला पुढे अनेक दशके गेली. हायड्रॉक्सिल मूलकाचे आयुष्य सेकंदाच्या अब्जांशाच्या घरातले. ते जिथे तयार होते तिथून फार दूर जातच नाही. शेजारी जे सापडेल त्याचा इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन हिसकावते. इतक्या वेगाने वार करणाऱ्या मूलकाला नंतर अडवणे व्यवहारात कोणत्याही अँटिऑक्सिडंटला, म्हणजे मूलकांना निकामी करणाऱ्या पदार्थाला, जमत नाही. म्हणून शरीराचा सगळा भर ते तयारच होऊ न देण्यावर आहे. अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या जाहिरातींत नेमकी हीच बाब सुटते.

नुकसान तीन ठिकाणी होते. पेशीपटलातील बहुअसंतृप्त मेदाम्ले सर्वांत आधी बळी पडतात, कारण त्यांच्या दुहेरी बंधांलगतचा हायड्रोजन सैल असतो. एकाचा हायड्रोजन गेला की ते स्वतःच मूलक बनते, ऑक्सिजन घेते आणि शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढते. अशी साखळी सुरू राहते. डब्यात जास्त दिवस राहिलेले शेंगदाणे खवट होतात तेव्हा त्यामागे बरेचदा हीच अभिक्रिया असते. तेल टिकावे म्हणून त्यात टीबीएचक्यूसारखी अँटिऑक्सिडंट संयुगे घालतात तीही हीच साखळी तोडण्यासाठी. दुसरे ठिकाण डीएनए. त्यातील ग्वानिन या घटकाचे ऑक्सिडीकरण झाले की तो सायटोसिनऐवजी ॲडेनिनशी जोडी जमवू लागतो आणि पेशी विभागताना चूक कायमची होते. तिसरे ठिकाण प्रथिने: त्यांतील गंधकयुक्त अमिनो आम्ले बिघडली की विकरांची घडी विस्कटते.

बचावाची पहिली पायरी लोह आणि तांबे कुलूपबंद ठेवणे ही आहे. रक्तात लोह ट्रान्सफेरिन या प्रथिनाला बांधलेले असते, पेशीत फेरिटिनच्या पोकळीत साठवलेले असते, आणि रक्तातील बहुतेक तांबे सेरुलोप्लाझ्मिनमध्ये असते. मोकळे लोह नसेल तर पेरॉक्साइडमधून हायड्रॉक्सिल मूलक होण्याचा मुख्य रस्ताच बंद होतो. थॅलेसेमियाच्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते. त्यांच्या शरीरात लोह इतके साचते की ट्रान्सफेरिन अपुरे पडते, आणि हृदय, यकृत व अंतःस्रावी ग्रंथींना इजा होते. लोह बाहेर काढणारी औषधे त्यांना आयुष्यभर घ्यावी लागतात ती यासाठीच.

दुसरी पायरी विकरांची. सुपरऑक्साइड डिसम्युटेज माणसात तीन प्रकारचे असते: पेशीद्रवात तांबे-जस्ताचे, तंतुकणिकांत मँगनीजचे, आणि पेशीबाहेर पुन्हा तांबे-जस्ताचे. दोन सुपरऑक्साइड एकत्र आणून ते एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते, आणि ही क्रिया रेणू एकमेकांना भेटण्याच्या कमाल वेगाइतकी जलद होते. यातले तंतुकणिकांतले विकर किती मोलाचे आहे ते १९९०च्या दशकातील उंदरांवरील प्रयोगांत दिसले. त्याचे जनुक काढून टाकलेली पिल्ले जन्मानंतर काही दिवसांत, फार तर तीन आठवड्यांत दगावली. पेशीद्रवातील विकर काढलेले उंदीर मात्र जगले.

डिसम्युटेजने काम अर्धेच होते, कारण त्यातून पेरॉक्साइड उरते. ते संपवायला कॅटालेज आहे. त्याचा एक रेणू सेकंदाला लाखो पेरॉक्साइड रेणू फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतो. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले की फेस येतो तो रक्तातील आणि ऊतींतील कॅटालेजमुळे. १९४०च्या दशकात जपानमधील कान-नाक-घसा तज्ज्ञ शिगेओ ताकाहारा यांनी एका मुलीच्या तोंडातील सडलेला भाग काढल्यावर तिथे पेरॉक्साइड लावले. फेस आलाच नाही. उलट रक्त काळपट तपकिरी झाले. तिच्या रक्तात कॅटालेज नव्हते, आणि तो दोष आनुवंशिक निघाला. विशेष म्हणजे हा दोष असलेले अनेक लोक तोंडातील व्रण सोडता बऱ्यापैकी निरोगी राहतात. याचा अर्थ पेरॉक्साइडविरुद्ध आणखी कोणीतरी तैनात असले पाहिजे.

ते काम ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन या विकरांच्या कुटुंबांकडे आहे. पहिल्यातील बहुतेक विकरांच्या केंद्रस्थानी सेलेनियम असते. हे १९७३ मध्ये उघड झाले आणि त्यामुळे या सूक्ष्म मूलद्रव्याचे महत्त्व कशात आहे ते कळले. चीनच्या ज्या पट्ट्यात जमिनीत सेलेनियम फारच कमी आहे तिथे मुले आणि तरुण स्त्रियांना केशान रोग नावाचा हृदयस्नायूंचा विकार होत असे. सेलेनियम देऊ लागल्यावर त्याचे प्रमाण घटले. अभाव असेल तिथे पूरक मात्रा उपयोगी पडते, याचा हा चांगला दाखला. अभाव नसेल तिथे काय होते, ते पुढे येईलच.

ही विकरे ज्याच्या जिवावर चालतात तो ग्लुटाथायोन हा ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू आहे. पेशीत तो भरपूर असतो, लिटरमागे एक ते दहा मिलिमोल. पेरॉक्साइड निकामी करताना दोन ग्लुटाथायोन रेणू एकमेकांना जोडले जातात, आणि एनएडीपीएच नावाच्या संयुगाकडून इलेक्ट्रॉन घेऊन ते पुन्हा मोकळे होतात. म्हणजे शरीराच्या संरक्षणाचा खर्च शेवटी साखरेच्या चयापचयातून भागतो, कारण एनएडीपीएच बहुतांशी ग्लुकोजपासून तयार होते.

तांबड्या रक्तपेशीत हे सगळे एकाच ठिकाणी पाहता येते. तिच्यातील सुमारे तीन टक्के हिमोग्लोबिन रोज आपोआप ऑक्सिडीकृत होते आणि त्या प्रत्येक वेळी सुपरऑक्साइड सुटते. या पेशीला केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत. बिघडलेले प्रथिन टाकून नवे बनवण्याची सोय नाही. तरीही ती १२० दिवस टिकते, ती जन्मताना सोबत आणलेल्या डिसम्युटेज, कॅटालेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिनच्या आणि अखंड भरून निघणाऱ्या ग्लुटाथायोनच्या बळावर. तिला एनएडीपीएच पुरवणारा मार्ग एकच, आणि त्याची पहिली पायरी जी६पीडी नावाच्या विकराची. हे विकर जन्मतःच कमी असणारे लोक जगात कोट्यवधी आहेत. भारतात पारशी समाजात आणि अनेक आदिवासी समाजांत हा दोष तुलनेने अधिक आढळतो. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः पुरुषांना होतो. एरवी त्यांना काही जाणवत नाही. पण व्हायव्हॅक्स मलेरियासाठी प्रायमाक्विन दिले, किंवा तान्ह्या मुलाला डांबरगोळ्या ठेवलेले कपडे घातले, की पेशींवरचा ऑक्सिडीकरणाचा बोजा अचानक वाढतो, ग्लुटाथायोन संपतो, हिमोग्लोबिनच्या गाठी बनतात आणि प्लीहा त्या पेशी फोडून टाकते. काळपट लघवी, कावीळ आणि झपाट्याने उतरणारे हिमोग्लोबिन ही त्याची लक्षणे. एकच विकर कमी असले तर संपूर्ण बचाव कसा ढासळतो, हे यापेक्षा स्पष्ट क्वचितच दिसते.

आहारातून येणारी अँटिऑक्सिडंट या व्यवस्थेत पूरक जागी आहेत. ई जीवनसत्त्व मेदात विरघळते आणि पेशीपटलात बसते. हजारभर किंवा त्याहून अधिक मेदरेणूंमागे त्याचा जेमतेम एक रेणू असतो, तरी तो पुरतो, कारण मेदाम्लाच्या मूलकाला तो शेजारच्या मेदाम्लापेक्षा कितीतरी जलद आपला हायड्रोजन देतो आणि साखळी तिथेच तुटते. यात ई जीवनसत्त्व स्वतः मूलक बनते, पण शांत स्वभावाचे. पटलाच्या कडेला असलेले क जीवनसत्त्व त्याला पूर्ववत करते, आणि क जीवनसत्त्वाची भरपाई पुन्हा ग्लुटाथायोन व विकरे करतात. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतः बनवतात. माणूस, इतर मोठी माकडे, गिनीपिग आणि काही वटवाघळे यांच्यात त्यासाठीच्या शेवटच्या विकराचे जनुक निकामी झाले आहे. ते बाहेरून मिळवावे लागते, पण फार मोठा साठा करता येत नाही. रोज २०० ते ४०० मिलिग्रॅमपर्यंत रक्तातील पातळी वाढून थांबते. पुढचे बरेचसे लघवीवाटे जाते. शिवाय मोकळे लोह असेल तिथे हेच जीवनसत्त्व लोहाला इलेक्ट्रॉन देऊन हायड्रॉक्सिल मूलकाच्या निर्मितीला हातभार लावू शकते. शरीरात तयार होणारे युरिक आम्ल आणि बिलिरुबिन हीसुद्धा रक्तातील अँटिऑक्सिडंट आहेत. एक संधिवाताला आणि दुसरे काविळीला कारण म्हणून बदनाम असल्याने त्यांचे हे काम सहसा सांगितले जात नाही.

इतके करूनही काही इजा होतेच, आणि ती निस्तरणे हा संरक्षणाचाच भाग आहे. बिघडलेले ग्वानिन ओळखून कापणारे ओजीजी१ हे विकर, रिकामी जागा भरणारी विकरे, खराब प्रथिने तोडणारे प्रोटिआसोम अशी एक मोठी यंत्रणा कामाला असते. डीएनएतील असे बिघडलेले घटक कापून काढण्याची पद्धत शोधल्याबद्दल टोमास लिंडाल यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

या सर्व विकरांचे प्रमाण ठरलेले नसते. गरजेनुसार पेशी ते वाढवते. एनआरएफ२ नावाचे प्रथिन एरवी कीप१ या दुसऱ्या प्रथिनाच्या ताब्यात असते आणि सतत नष्ट होत असते. ऑक्सिडीकरणाचा ताण वाढला की कीप१मधील गंधकयुक्त जागा बदलतात, त्याची पकड सुटते, एनआरएफ२ केंद्रकात जाऊन ग्लुटाथायोन बनवणारी आणि इतर अनेक संरक्षक जनुके चालू करते. वनस्पतिज संयुगांचा उपयोग समजून घ्यायला हाच धागा धरावा लागतो. हळदीतील कर्क्युमिन परीक्षानळीत मूलकांना झटकन निकामी करते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पल्स रेडिओलिसिस तंत्राने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या क्षणार्धाच्या झोताने मूलके तयार करून, त्याच्या या अभिक्रियांचा बारकाईने अभ्यास झाला आहे. पण पोटातून घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे पोहोचते. चहा, कोकम, जांभूळ यांतील पॉलिफेनॉलांचीही गत थोड्याफार फरकाने तशीच. त्यांचा परिणाम होत असेल तर तो मूलके थेट टिपून होण्यापेक्षा एनआरएफ२सारख्या मार्गांना किंचित डिवचून होण्याची शक्यता अधिक. परीक्षानळीतील गुणांकनाला अर्थ उरत नाही तो यामुळे. अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या अशा गुणांकनाची ओरॅक यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली.

मूलके केवळ शत्रू असती तर प्रश्न सोपा होता. तशी ती नाहीत. जंतू गिळल्यावर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मुद्दाम सुपरऑक्साइडचा लोट सोडतात. ते तयार करणारे विकर ज्यांच्यात जन्मतः सदोष असते त्या मुलांना क्रॉनिक ग्रॅन्युलोमेटस रोग होतो आणि साध्या जिवाणूंचे व बुरशीचे संसर्गही जीवघेणे ठरतात. रक्तवाहिन्या सैलावणारे नायट्रिक ऑक्साइड हे एक मूलकच. त्याच्या या कामाच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. थायरॉइड ग्रंथी आपले संप्रेरक बनवण्यासाठी स्वतः हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. अत्यल्प पेरॉक्साइड पेशीत निरोप्याचेही काम करते. हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये ऑक्सिडीकरणाच्या ताणाची कल्पना मांडली ती मूलके आणि बचाव यांतील तोल ढळणे म्हणून. मूलकांचे अस्तित्व म्हणजेच आजार, असे त्यांनी म्हटले नव्हते.

गोळ्यांच्या चाचण्यांचे निकाल या पार्श्वभूमीवर फारसे चकित करत नाहीत; त्या काळी मात्र त्यांनी धक्का दिला. भाज्या-फळे जास्त खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, तेव्हा त्यांतील बीटा कॅरोटिन वेगळे काढून द्यावे, हा विचार तर्काला धरून होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ही चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत १८,३१४ धूम्रपान करणाऱ्या आणि अॅस्बेस्टॉसशी संपर्क आलेल्या लोकांवरील चाचणीत बीटा कॅरोटिनसोबत अ जीवनसत्त्व दिले होते. तिथे फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी जास्त दिसल्यावर जानेवारी १९९६ मध्ये गोळ्या बंद करण्यात आल्या. ३५,५३३ पुरुषांवरील सिलेक्ट नावाच्या चाचणीत सेलेनियमने प्रोस्टेटचा कर्करोग टळला नाही, आणि २०११ पर्यंतच्या पाहणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो १७ टक्क्यांनी जास्त आढळला. कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात ७८ चाचण्या आणि २,९६,७०७ सहभागी होते; बीटा कॅरोटिन आणि ई जीवनसत्त्वाने मृत्यूचे प्रमाण घटण्याऐवजी थोडे वाढत असावे, क जीवनसत्त्व आणि सेलेनियमने फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष. २००९ मधील एका जर्मन अभ्यासात तर व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो तो लाभही क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांनी पुसला गेला. व्यायामात वाढणारी मूलके हाच शरीराला स्वतःचा बचाव वाढवण्याचा इशारा असतो, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. उंदरांत तयार झालेल्या फुप्फुसाच्या गाठींना अँटिऑक्सिडंटनी जोर आल्याचेही दिसले आहे. कर्कपेशींनाही मूलकांपासून संरक्षण हवेच असते.

उपयोग सिद्ध झाला आहे तो नेमक्या परिस्थितीत. पॅरासिटॅमॉलचा अतिडोस झाला की त्याचे विषारी रूप यकृतातील ग्लुटाथायोन संपवते. ॲसिटिलसिस्टीन वेळेत दिले तर ग्लुटाथायोन पुन्हा तयार होतो आणि यकृत वाचते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी वयोमानाने येणाऱ्या विकारात क व ई जीवनसत्त्वे, बीटा कॅरोटिन, जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणाने पुढच्या गंभीर अवस्थेचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला, हे २००१ मध्ये अमेरिकेत दिसले. नंतर त्यातील बीटा कॅरोटिनच्या जागी ल्युटीन आणि झियाझँथिन आले, कारण धूम्रपान करणाऱ्यांचा अनुभव विसरता येत नव्हता.

हार्मन यांचा वार्धक्याचा सिद्धांत मूळ रूपात आता टिकलेला नाही. अँटिऑक्सिडंट विकरे कमी-जास्त केलेल्या अनेक जातींच्या उंदरांचे आयुष्य बहुतांश वेळा बदलले नाही. आफ्रिकेतील नेकेड मोल रॅट हा उंदराएवढा प्राणी ३० वर्षांहून अधिक जगतो, आणि त्याच्या ऊतींत ऑक्सिडीकरणाची इजा तरुणपणापासूनच उंदरापेक्षा जास्त आढळते.

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०२२ मध्ये कर्करोग व हृदयविकार टाळण्यासाठी बीटा कॅरोटिन आणि ई जीवनसत्त्वाच्या पूरक मात्रा घेऊ नयेत अशी स्पष्ट शिफारस केली. धूम्रपान करणाऱ्याने, किंवा पूर्वी केलेल्याने, डोळ्यांसाठी वा ‘ताकदी’साठी घेतलेल्या कोणत्याही गोळीच्या वेष्टनावर बीटा कॅरोटिनचे नाव आहे का, एवढे डॉक्टरांकडून किंवा औषध विक्रेत्याकडून पाहून घ्यावे.